बोरसे मॅडमची कंबर

बोरसे मॅडमना वर्गात बसलेलं कुणी पाहिलं नाही. धुळ्याच्या आमच्या फार्मसी कॉलेजात टेबलामागे चांगली गादीची खुर्ची होती. मॅडम तिच्यावर पर्स ठेवायच्या आणि तासभर उभ्या राहून औषधशास्त्र शिकवायच्या. उंची बेताची, अंबाडा घट्ट, मनगटावर पुरुषांचं असावं तसं मोठं घड्याळ. साडीवर पांढरा अ‍ॅप्रन आणि अ‍ॅप्रनच्या खिशात भाजलेले शेंगदाणे. प्रॅक्टिकलला फिरता फिरता त्या दोन दाणे तोंडात टाकायच्या आणि एखाद्याच्या खांद्यावरून वाकून बघत म्हणायच्या, "हे मलम केलंस की पिठलं?"

आवाज असा की शेजारच्या वर्गातल्या मुलांनाही फुकटात औषधशास्त्र कळायचं.

कुठलंही औषध शिकवताना त्या तीन प्रश्न विचारत. कशासाठी? किती? आणि थांबवायचं कधी? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं पुस्तकात सापडायची. तिसऱ्याला आम्ही सगळे अडकायचो. तोंडी परीक्षेत मी एका वेदनाशामक गोळीबद्दल सगळं घडाघडा सांगितलं आणि खूश होऊन उठायला लागलो. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "प्रवीण, कुठे निघालास? तुझा पेशंट अजून गोळ्या खातोय."

मी परत बसलो. आज जळगावात माझं स्वतःचं मेडिकल आहे. कंबर धरून आत येणारा माणूस पाहिला की ते वाक्य मला अजून ऐकू येतं. आणि अशी माणसं रोज येतात. कुणी केळीचे घड उचलणारा, कुणी दिवसभर ट्रक चालवणारा, कुणी बँकेत खुर्चीवर बसून कंबर घालवलेला. सगळ्यांची मागणी एकच असते, "भाऊ, काहीतरी जोरदार द्या."

मॅडमनी लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलंच तर "जमलं नाही" म्हणून विषय संपवायच्या. धुळ्यात देवपूर भागात दोन खोल्यांच्या घरात एकट्या राहायच्या. माहेर शिरपूरच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी. तिथे धाकटा भाऊ सुकलाल, त्याची बायको आणि मुलगी मनीषा. सुकलाल कोरडवाहू शेती करायचा आणि दर दोन-तीन महिन्यांनी काही ना काही पिशवीत घालून बहिणीकडे यायचा. तूर, उडीद, कधी जंगलातली चारोळी. मॅडम त्याच्याशी अहिराणीत बोलायच्या आणि आमच्यापैकी कुणी तिथे असलं की लगेच पुस्तकी मराठीवर यायच्या. एका वाक्यात दोन गावं पार करायच्या म्हणा ना.

मॅडमची कंबर गेली ती एका बादलीनं. पडल्या नाहीत, अपघात झाला नाही. न्हाणीघरातली अर्धी भरलेली बादली उचलायला वाकल्या आणि तशाच राहिल्या. शेजारीण भांडी घासायचं थांबवून धावत आली म्हणून निदान पलंगापर्यंत पोचल्या. पाठीच्या खालच्या बाजूला दोन मणक्यांच्या मधली गादी सरकली होती आणि कळ डाव्या पायात उतरत होती. आयुष्यभर उभं राहून शिकवलेल्या बाईला आता उभं राहता येईना आणि बसताही येईना.

तेव्हा मॅडमच्या नोकरीची शेवटची काही वर्षं उरली होती. धुळ्यात एका डॉक्टरनी ऑपरेशन सुचवलं. दुसरं मत घ्यायला त्या जळगावला एका मणक्याच्या डॉक्टरांकडे आल्या आणि त्या निमित्तानं कितीतरी वर्षांनी माझ्या दुकानाच्या पायरीशी उभ्या राहिल्या. आवाज तोच होता. "प्रवीण, स्टूल देऊ नकोस, उठताना जीव जातो. काउंटरला टेकून उभी राहते."

जळगावचे डॉक्टर शांत स्वभावाचे. त्यांनी पायातली ताकद तपासली, बोटं हलवायला लावली आणि म्हणाले, "ताकद गेलेली नाही. लघवीचा त्रास नाही. घाई नको. बऱ्याचशा कंबरा चाकूशिवाय सुधारतात, पण वेळ घेतात." त्यांनी थोड्या दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि व्यायामासाठी रेहाना नावाच्या फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं.

चूक कुठे झाली हे मॅडमनी मला स्वतःच सांगितलं. गोळ्या थोड्या दिवसांच्या होत्या. त्या संपल्या तेव्हा कळ संपली नव्हती. कॉलेजात परीक्षा चालू होत्या. मग धुळ्यातल्या एका दुकानातून पुढचं पाकीट आलं, मग त्याच्या पुढचं. दुकानदार त्यांचाच विद्यार्थी, तो मॅडमना कसला विचारतोय! त्या गोळ्यांनी भागेना तेव्हा जास्त कडक गोळ्या सुरू झाल्या. त्यांनी बद्धकोष्ठ झालं, डोकं जड राहायला लागलं आणि गोळीची वेळ जरा टळली की अंगाला घाम सुटून चिडचिड व्हायची. व्यायाम मात्र राहून गेला. दुखतं म्हणून व्यायाम नाही आणि व्यायाम नाही म्हणून दुखतं, असं ते चाललं होतं.

पुढच्या खेपेला जळगावच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. मूत्रपिंडांवर ताण दिसत होता. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, या गोळ्या आता बंद. कडक गोळी हळूहळू कमी करायची, पण पहिल्या गोळीची सुट्टी आजपासून."

त्या दिवशी मॅडम दुकानात आल्या. माझी बायको चहा घेऊन आली. तो निवून गेला. मग त्या माझ्याकडे न बघता, मागच्या गोळ्यांच्या फडताळाकडे बघत म्हणाल्या, "इतकी वर्षं तुम्हाला तिसरा प्रश्न विचारला रे. स्वतःला विचारायचा राहिला."

"मॅडम, दुखत असताना कुणाला सुचतं?"

"म्हणून तर तो आधी विचारायचा असतो," त्या म्हणाल्या. निवलेला चहा तसाच पिऊन टाकला आणि धुळ्याची बस धरायला निघाल्या. मागून बघताना पहिल्यांदाच मला त्या म्हाताऱ्या वाटल्या.

गोळ्या बंद झाल्यावर रात्री झोप येईना. ही बातमी गावाकडे पोचली आणि सुकलाल आला. या खेपेला पिशवीत तूर नव्हती. वर्तमानपत्रात बांधलेली एक पुडी होती. जेवणं झाल्यावर त्यानं ती हळूच बहिणीपुढे सरकवली.

"अक्का, हाई ले. चिमूटभर ले नि झोप. कंबर बठ्ठी मोकळी व्हई जाई." बठ्ठी म्हणजे सगळी.

मॅडमनी पुडी उघडून वास घेतला. गांजा होता. त्या भागात, डोंगराच्या आडोशानं, कुठे कुठे चोरून लावतात हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणालाच माहीत नसतं.

"सुक्या, तू हे एसटीत घेऊन आलास?"

"मंग कसामा आनू? चालत उनू असतू का?"

मॅडम सांगायच्या, "मला आधी राग आला, मग हसू आलं आणि मग घामच फुटला. वाटेत कुणी पिशवी तपासली असती तर हा माझ्या कंबरेपायी आत गेला असता." त्यांनी पुडी संडासात ओतली आणि दोन बादल्या पाणी टाकलं. पाणी अर्थात सुकलालनंच टाकलं. तो हळहळत उभा राहिला आणि म्हणाला, "तू मास्तरीण शे, तुले बठ्ठं माहीत शे. पन तुनी कंबर तुनं आयकत नही."

एवढं बोलून तो बादली ठेवायला वाकला, आणि मॅडमनी पाहिलं की तो वाकला नाही, भिंतीला धरून हळूहळू खाली गेला. त्याचीही कंबर दुखत होती. किती वर्षं, हे त्यालाही सांगता येईना. गावातल्या किराणा दुकानात सुट्या गोळ्या मिळायच्या. सकाळच्या चहाबरोबर एक, कामावरून आल्यावर एक. चुन्याच्या डबीसारख्या त्या त्याच्या खिशातच असायच्या. मॅडमनी खिशातून काढून घेतल्या. त्याच गोळ्या होत्या, ज्यांनी त्यांच्या मूत्रपिंडांवर ताण आणला होता.

दुसऱ्याच दिवशी त्या भावाला घेऊन जळगावला आल्या. त्याचं रक्त तपासलं. नशीब चांगलं, त्याला काही झालेलं नव्हतं. रेहानानं दोघांना शेजारी शेजारी पालथं झोपवून छाती उचलायला शिकवलं. सुकलाल म्हणाला, "बाई, असं तर मनी म्हैसबी करत नही." रेहाना काही अहिराणी बोलणारी नव्हती, पण म्हैस कळली. ती इतकी हसली की मॅडमही हसल्या, आणि हसताना कंबर दुखली म्हणून दोघांवर ओरडल्या.

पण सुकलालच्या पुडीनं मॅडमच्या डोक्यात किडा सोडला होता. झाड त्यांना ओळखीचं होतं. वर्गात शिकवलेलं होतं. आयुर्वेदात त्याला विजया म्हणतात आणि त्याच्या पानांपासून केलेली औषधं परवाना असलेल्या कंपन्या बनवतात, वैद्याच्या चिठ्ठीवर मिळतात, हेही त्यांना माहीत होतं. झाड तेच असलं तरी पानाला कायदा एक आहे आणि फुलोऱ्याला, म्हणजे गांजाला, दुसरा. त्या आधी मणक्याच्या डॉक्टरांकडे गेल्या आणि सरळ विचारलं, "मी विजयाचं तेल घेऊन बघू का?"

डॉक्टर म्हणाले, "कंबरदुखीसाठी त्याचा पुरावा अजून पातळ आहे, मॅडम. काहींना थोडा आराम पडतो, काहींना नुसती गुंगी येते. मी लिहून देणार नाही, तो माझा विषय नाही. पण घेणार असाल तर मला सांगून घ्या. आणि कडक गोळीबरोबर मुळीच नाही. ती आधी पूर्ण सुटू दे."

मॅडमना हे उत्तर फार आवडलं. "माहीत नाही असं म्हणणारा डॉक्टर मिळाला," असं त्या मला अगदी लॉटरी लागल्यासारखं सांगत होत्या. कडक गोळी उतरणीला लागून सुटली, तेव्हा त्या जळगावातल्याच एका वैद्यबाईंकडे गेल्या. वैद्यबाईंनी नाडी पाहिली, रक्ताचे रिपोर्ट पाहिले आणि झोपताना जिभेखाली घ्यायचे मोजके थेंब लिहून दिले. मॅडमनी तिथेच विचारलं, "थांबवायचं कधी?" वैद्यबाई म्हणाल्या, "झोप आपली आपण यायला लागली की." मॅडमनी मान डोलावली, म्हणजे वैद्यबाई पास झाल्या. त्याच दिवशी त्यांनी आपली स्कूटर शेजारणीच्या मुलीला देऊन टाकली. थेंब चालू असताना गाडी चालवायची नाही, हे त्यांनी स्वतःच ठरवलं.

पुढच्या खेपेला मी विचारलं, "मॅडम, दुखणं गेलं का?"

"गेलं नाही," त्या म्हणाल्या. "शेजारच्या खोलीत गेलंय. आहे हे कळतं, पण दार लावून झोपता येतं."

एका रविवारी त्यांनी स्वतःच थेंब वाढवून पाहिले. त्याची हकिगत त्या मोठ्या खुशीनं सांगायच्या. संध्याकाळी चहा ठेवला. चहा उकळताना दिसत होता, उतू जाताना दिसत होता, शेगडी विझलेली दिसत होती, पण या सगळ्याशी आपला काही संबंध आहे असं त्यांना वाटतच नव्हतं. शेजारीण गॅसच्या वासानं आली आणि तिनं बटण बंद केलं. मॅडम तिला म्हणाल्या, "छान झालाय ना चहा?" दुसऱ्या दिवशी भानावर आल्यावर घाबरल्या आणि थेंब पुन्हा वैद्यबाईंनी लिहिले होते तेवढ्यावर आणले. वैद्यबाईंना फोन करून सगळं सांगितलं. बोलणीही खाल्ली.

झोप लागायला लागली तसा त्यांना सकाळी उठून रेहानाचे व्यायाम करायला जीव आला. आधी अंगणात फेऱ्या, मग गल्लीच्या टोकापर्यंत, मग पांझरा नदीच्या पुलापर्यंत. इतके दिवस बांधलेला कंबरेचा पट्टा सुटला. त्या परत वर्गात उभ्या राहिल्या. आता अर्धा तास उभ्या आणि अर्धा तास टेबलाच्या कडेला टेकून.

आणि नेमकी तेव्हा कॉलेजात कुजबुज सुरू झाली. स्टाफरूममध्ये कुणीतरी त्यांच्या पर्समधली बाटली पाहिली होती. बाटलीवर त्या पानाचं चित्र होतं. सुकलालच्या पुडीची गोष्टही शेजारणीकडून फिरत फिरत पोचली. दोन्ही मिळून अशी बातमी तयार झाली की बोरसे मॅडम गावाहून गांजा मागवतात. एका पालकानं प्राचार्यांकडे तक्रार केली. ज्या बाईनं अख्खी हयात शिस्तीत काढली, तिच्याबद्दल मुलं जिन्यात हसायला लागली.

प्राचार्यांनी बोलावलं. ते भले गृहस्थ होते, पण घाबरलेले होते. "मॅडम, थोडे दिवस रजा घ्या. विषय थंड होईल."

मॅडमनी वैद्यबाईंची चिठ्ठी, डॉक्टरांचे रिपोर्ट आणि बाटली त्यांच्या टेबलावर ठेवली. "सर, रजा नको. एक तास द्या. सगळ्या वर्गांना एकत्र बसवा. फार्मसीच्या कॉलेजात औषधाबद्दल कुजबुज होत असेल तर लाज माझी नाही, कॉलेजची आहे."

त्या तासाला मी होतो. मॅडमनी फोन करून सांगितलं होतं, "ये आणि मागच्या बाकावर बस. पूर्वी बसायचास तिथेच." हॉल भरलेला होता. मागे प्राध्यापक उभे, खिडकीशी प्राचार्य. मॅडमनी टेबलावर चार वस्तू मांडल्या. वेदनाशामक गोळ्यांचं पाकीट, कंबरेचा पट्टा, विजयाच्या तेलाची बाटली आणि व्यायामाची गुंडाळलेली सतरंजी.

"या चारही गोष्टी माझ्या कंबरेनं वापरल्या आहेत," त्यांनी सुरुवात केली. "तुम्ही ऐकलंय ते अर्धं खरं आहे. आता पूर्ण ऐका."

मग त्यांनी एकेक वस्तू उचलली. गोळ्यांचं पाकीट उचलून म्हणाल्या, "हिनं मला पहिल्या आठवड्यात चालतं केलं. हिच्याशी माझं भांडण नाही. भांडण माझं माझ्याशी आहे, कारण मी थांबले नाही." रक्ताचा रिपोर्ट वाचून दाखवला, स्वतःचा. पट्टा उचलला. "यानं आधार वाटतो. रोज बांधला तर स्नायू आळशी होतात." बाटली उचलली तेव्हा मागच्या बाकांवरची मुलं उठून बघायला लागली. "हिनं दुखणं बरं केलं नाही. मला झोप दिली. तोंड कोरडं पडतं, चक्कर येते, आणि एक दिवस मी चहा उतू जाताना बघत बसले." मुलं हसली. आता ते जिन्यातलं हसू नव्हतं. "हिच्यावर मी गाडी चालवत नाही. ज्याला हृदयाचा किंवा मनाचा आजार आहे त्यानं हिच्याकडे बघूही नये. आणि तुमच्या वयाच्या कुणी गंमत म्हणून हात लावला तर मी स्वतः पोलिसांत देईन."

शेवटी सतरंजी. "ही सगळ्यात स्वस्त, सगळ्यात कंटाळवाणी, आणि माझ्या मते खरं काम हिनं केलं. पण रात्री झोपच नसती तर मी सकाळी हिच्यावर आलेच नसते. म्हणून कुणाला श्रेय किती, हे मला सांगता येत नाही."

एका मुलानं उठून विचारलं, "मॅडम, म्हणजे गांजा चांगला की वाईट?"

"ही वेदनाशामक गोळी चांगली की वाईट?"

मुलगा डोकं खाजवत खाली बसला.

"प्रश्न चुकला की उत्तर सापडत नाही, बाळ. कुणासाठी, कशासाठी, किती, आणि थांबवायचं कधी. हे चार प्रश्न गोळीला लावा, तेलाला लावा, काढ्याला लावा."

तेवढ्यात मधल्या रांगेतली एक मुलगी उठली. पाचोऱ्याकडची होती. "मॅडम, माझ्या पप्पांची कंबर खूप दुखते. त्यांना हे तेल देऊ का?"

मॅडमनी बाटली खाली ठेवली. "पप्पांना डॉक्टरांकडे घेऊन जा. पाय बधिर होतो का, ताकद गेली का, ताप येतो का, ते आधी बघू दे. तेल, गोळी, सतरंजी, ते नंतर. नेणार ना?"

मुलगी म्हणाली, "नेते." ती खाली बसली आणि कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मॅडम म्हणाल्या, "टाळ्या कसल्या? वह्या काढा." कुजबुज त्या दिवशी संपली. प्राचार्यांनी पुढे दर वर्षी हा तास ठेवला.

बातमी पसरली तशी दुसऱ्या बाजूनंही माणसं आली. महेंद्र माझ्याच वर्गातला. आता एका कंपनीचं असलंच तेल विकायचा. चकचकीत गाडीतून तो मॅडमच्या घरी गेला आणि मलाही सोबत घेऊन गेला. त्याला मॅडमचा एक छोटा व्हिडिओ हवा होता.

"मॅडम, फक्त एवढंच म्हणा, माझी कंबर बरी झाली."

"बरी झाली नाही."

"मग 'खूप फरक पडला' म्हणा."

"फरक पडला. पण त्याच दिवसांत मी चालायला लागले, व्यायाम सुरू केला, गोळ्या सोडल्या, गादी बदलली. आणि नुसता वेळही गेला. वेळानंही कंबर सुधारते. यातला कशानं किती, ते तू मला सांग, मी लगेच व्हिडिओत म्हणते."

महेंद्र हसला. "मॅडम, लोकांना एवढं कुठे कळतं? तुमचं नाव आहे, लोक विश्वास ठेवतील."

"म्हणूनच नाही," मॅडम म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "एक कंबर म्हणजे पुरावा नाही, महेंद्र. हे मी तुला शिकवलंय. तू पासही झालास." मग उठून त्यांनी आम्हा दोघांना शेवभाजी आणि भाकरी वाढली. महेंद्र खाली मान घालून जेवला. निघताना त्यानं पाया पडून नमस्कार केला तेव्हा त्याच्या पाठीवर थाप मारून त्या म्हणाल्या, "विक ना, खुशाल विक. पण गिऱ्हाईकाला थांबवायचं कधी ते सांगून विक."

काही महिन्यांनी त्यांनी स्वतः तेल थांबवलं. वैद्यबाईंना विचारून, थेंबाथेंबानं उतरवत. उरलेली बाटली त्यांनी दुरुस्त झालेल्या माणसाच्या ऐटीत वैद्यबाईंना परत केली. कंबर अधूनमधून दुखायची. थंडीत जास्त. "आम्ही दोघी आता एका घरात राहतो," त्या म्हणायच्या. "भांडतो, पण वेगळ्या होत नाही."

निवृत्तीनंतर त्या जास्त करून गावी असायच्या. सुकलाल खळ्यावर सतरंजी टाकून व्यायाम करायचा. आधी गाव हसलं, मग दोघे-तिघे शेजारी सतरंज्या घेऊन आले. मागच्या वर्षी पावसाळा संपता संपता, हृदयविकाराच्या एका झटक्यानं, मॅडम गेल्या. कंबरेचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. सुकलालनं फोन केला तेव्हा तो रडत नव्हता, फक्त एवढंच म्हणाला, "प्रवीणभाऊ, अक्का गयी."

पण मला त्या शेवटच्या दिसल्या त्या त्याआधीच्या उन्हाळ्यात, मनीषाच्या हळदीला. आम्ही दोघं नवरा-बायको जळगावहून गेलो होतो. दारात मांडव, बँडवाल्यांचा आवाज डोंगरावर आदळून परत येत होता, आणि अहिराणी गाण्यावर बायका, पुरुष, पोरं सगळीच नाचत होती. नवरी पिवळीधमक. मध्येच तिनं आत्याचा हात धरून तिला ओढलं.

मॅडम आल्या. पदर खोचला आणि नाचायला लागल्या. आधी खांद्यांनी, मग हातांनी, मग सगळ्या अंगानं. अंबाडा सुटला, गालाला हळद, आणि समोर सुकलाल गुडघे वाकवून ताल धरलेला. माझी बायको घाबरून ओरडली, "मॅडम, कंबर!"

त्या बँडच्या वरताण आवाजात ओरडल्या, "असू दे! तिलाही लग्नाचं आमंत्रण आहे!"

दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप घ्यायला आत गेलो. मॅडम जमिनीवर उताण्या पडल्या होत्या, पाय उशीवर, पाठीखाली गरम पाण्याची पिशवी. उठता येत नव्हतं. मी काही बोलायच्या आत त्यांनी हात वर केला.

"काही सांगू नकोस. दोन दिवस दुखेल, मला माहीत आहे." मग छताकडे बघत त्या हसल्या. "पण कसली नाचले रे मी!"